दंड भरून सुटलं, पण ग्रीन कार्डाचं काय?

साखर कारखान्यातून केमिस्ट म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ गेल्या वर्षी श्रावणात माझ्या ऑफिसात आले. बसल्या बसल्या त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आठ-दहा पानं काढली आणि टेबलावर हातानं सरळ केली. अमेरिकेतल्या एका कोर्टाचा निकाल होता तो. एका ओळीखाली त्यांनी पेन्सिलीनं रेघ मारली होती : '३६५ डेज, ऑल सस्पेंडेड.' समासात त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'सर्व माफ'.

"मॅडम, पोरगं सुटलं होतं की ओ," ते म्हणाले. "दंड भरला. तुरुंगात एक रात्रसुद्धा नाही. मग तीन वर्सांनी आता हे काय काढलंय?"

मुलगा २०१३ मध्ये शिकायला गेला, तिकडेच नोकरीला लागला. सून मराठीच, पण जन्मानं अमेरिकन नागरिक, त्यामुळे २०१९ मध्ये ग्रीन कार्ड झालं. २०२२ मध्ये एका मोठ्या दुकानात, जिथं गिऱ्हाइकानं स्वतःच सामान स्कॅन करायचं असतं तिथं, साधारण दोनशे डॉलरच्या वस्तू स्कॅन न करता तो बाहेर पडला आणि पकडला गेला. त्याला मिळालेल्या वकिलानं सांगितलं, कबूल कर, एक वर्षाची शिक्षा होईल पण स्थगित, दंड भर, सोमवारी कामावर जा. त्यानं तसं केलं. लाजेपोटी घरी कुणाला सांगितलंही नाही. २०२५ मध्ये बहिणीच्या लग्नाला तो कोल्हापूरला आला, पंधरा दिवस राहिला आणि परत जाताना तिकडच्या विमानतळावर त्याला बाजूच्या खोलीत नेऊन बसवलं. सहा तासांनी बाहेर सोडलं ते ग्रीन कार्ड काढून घेऊन आणि पुन्हा हजर राहायची तारीख देऊन. महिन्याभरात नोटीस आली, तुम्हाला देशातून का काढू नये?

मी इथं फौजदारी वकिली करते. अमेरिकेच्या कोर्टात उभं राहण्याचा अधिकार मला नाही, पण निकाल वाचता येतो आणि कायदाही वाचता येतो. त्या दिवशी मी त्यांना पहिली गोष्ट सांगितली ती समासातल्या शब्दाबद्दल. सस्पेंडेड म्हणजे माफ नव्हे. स्थगित. आणि अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा स्थगित शिक्षेला पूर्ण शिक्षाच मानतो. कायद्याच्या व्याख्येतच तसं लिहिलंय. म्हणजे एकही दिवस आत न काढलेला हा मुलगा कायद्याच्या नजरेत एक वर्षाची कैद झालेला माणूस होता.

हे समजावताना मला आपल्या तडीपारीचा फार उपयोग झाला. कोल्हापुरात हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. गणेशोत्सव किंवा निवडणूक आली की पेपरात यादी येते, अमुक इतके जण जिल्ह्यातून हद्दपार. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ मधली कलमं ५५, ५६ आणि ५७ यांखाली पोलीस अधीक्षक किंवा प्रांताधिकारी हा आदेश काढतात. कोर्टात खटला चालून झालेली ती शिक्षा नसते. प्रशासन म्हणतं, तुझ्या इथं असण्यानं त्रास आहे, तू हद्दीबाहेर जा. ज्या गुन्ह्याची शिक्षा भोगून झाली, त्याच गुन्ह्याचा दाखला देऊन तडीपार करता येतं. 'एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा कशी' हा प्रश्न तिथं चालत नाही, कारण हा आदेश कायद्याच्या भाषेत शिक्षाच नाही.

अमेरिकेत नेमकं हेच आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १८९३ साली फाँग यू टिंग या चिनी माणसाच्या खटल्यात सांगून ठेवलं की परदेशी माणसाला देशाबाहेर काढणं ही गुन्ह्याची शिक्षा नव्हे. हा निकाल आजही पाया धरला जातो. त्यामुळे फौजदारी खटल्यात आरोपीला मिळणारी बरीचशी कवचं इमिग्रेशनच्या सुनावणीत मिळत नाहीत. गरिबाला फौजदारी कोर्टात सरकारी खर्चानं वकील मिळतो, इथं वकील स्वतःच्या खर्चानं आणायचा. इमिग्रेशन न्यायाधीश न्यायपालिकेचा नसतो, न्याय खात्याच्या नोकरीत असतो. आपली तडीपारी मात्र जास्तीत जास्त दोन वर्षांची. दोन वर्षांनी माणूस घरी येतो. त्या मुलाच्या प्रकारात गेला तो कायमचा गेला, अशी वेळ येऊ शकते.

ग्रीन कार्डावर 'पर्मनंट रेसिडेंट' असं छापलेलं असतं, आणि आपल्याकडे आईवडील त्यातला पर्मनंट हा शब्दच धरून बसतात. 'पर्मनंट झाला' हे आपण नोकरीबद्दल जसं म्हणतो तसं. पण हा राहण्याचा परवाना आहे. मुदत लांब आहे, अटी आहेत, आणि अटी मोडल्या की सरकार तो काढून घेऊ शकतं. काढून घेता येत नाही ते नागरिकत्व. अपवाद म्हणजे ते खोटं बोलून मिळवलेलं निघालं तर.

आता कोणत्या गुन्ह्यांनी परवाना जातो? १९५२ चा इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी अ‍ॅक्ट आहे, त्यात वेळोवेळी भर पडत गेली. सगळ्यात जड प्रकार म्हणजे 'अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी', शब्दशः अतिगंभीर गुन्हा. १९८८ मध्ये हा शब्द कायद्यात आला तेव्हा त्यात खून, अमली पदार्थांची तस्करी, शस्त्रांची तस्करी एवढंच होतं. १९९६ मध्ये दोन कायदे झाले आणि यादी भलतीच फुगली. आज तिच्यात चोरीचा गुन्हा बसतो, जर शिक्षा एक वर्ष किंवा जास्त असेल तर. मारहाणीसारखा हिंसेचा गुन्हाही तसाच. फसवणूक बसते, नुकसान १०,००० डॉलरच्या वर असेल तर. राज्याच्या कायद्यात किरकोळ गणलेला गुन्हासुद्धा या जड यादीत जाऊन बसतो, आणि नावावरून ते कुणाच्या ध्यानातही येत नाही. एकदा हा शिक्का बसला की न्यायाधीशाकडे दयेचा अर्ज करायची मुख्य वाट बंद होते. ती वाट म्हणजे 'कॅन्सलेशन ऑफ रिमूव्हल', हद्दपारी रद्द करणं. पाच वर्षं ग्रीन कार्ड आणि कायदेशीर प्रवेशानंतर सात वर्षं सलग वास्तव्य असेल तर न्यायाधीश बायकापोरं, नोकरी, वागणूक, सगळं तराजूत घालून माणसाला ठेवून घेऊ शकतो. अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी असेल तर तराजूच हातात घेता येत नाही.

म्हणून मी त्या गृहस्थांना ३६५ या आकड्यावर बोट ठेवून सांगितलं की हा ३६४ असता तर ही चोरी त्या यादीत गेली नसती. ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. आयुष्यभर उसाचा उतारा दशांशात मोजलेला माणूस, एका दिवसाची किंमत त्यांना समजावून सांगायची गरज पडली नाही. ही माझी कल्पना नव्हे. वॉशिंग्टन राज्यानं २०११ मध्ये, कॅलिफोर्नियानं पुढं काही वर्षांत आणि न्यूयॉर्कनं २०१९ मध्ये किरकोळ गुन्ह्यांची कमाल शिक्षा ३६५ वरून ३६४ दिवस केली, ती याच एका दिवसासाठी.

दुसरा प्रकार आपल्या ओळखीचा आहे, 'मॉरल टर्पिट्यूड', म्हणजे नैतिक अधःपतन. सरकारी नोकरीच्या फॉर्मवर आपण हा शब्द वाचलेला असतो. चोरी, फसवणूक, खोटी कागदपत्रं, बहुतेक वेळा इजा करण्याच्या हेतूनं केलेला हल्ला हे त्यात येतात. असा एक गुन्हा प्रवेशापासून पाच वर्षांच्या आत घडला आणि त्याला एक वर्षाची शिक्षा होऊ शकत असेल तर हद्दपारीची कारवाई होऊ शकते. इथं प्रत्यक्ष किती शिक्षा झाली ते बघत नाहीत, किती होऊ शकली असती ते बघतात. वेगवेगळ्या प्रसंगांतले दोन गुन्हे असतील तर मग पाच वर्षांची अटही नाही, वीस वर्षांनीही चालतं.

तिसरा गांजा. याबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण पोरांना खरोखरच यात काही चूक वाटत नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत गांजाची परवाना असलेली दुकानं आहेत, बिल मिळतं, कर भरला जातो. पण इमिग्रेशन हा केंद्राचा विषय, आणि केंद्राच्या कायद्यात तो बंदी असलेला पदार्थ आहे. ग्रीन कार्डवाल्याला अमली पदार्थाच्या कुठल्याही दोषसिद्धीनं देशाबाहेर काढता येतं. सूट एकच : स्वतःपुरता, ३० ग्रॅम किंवा कमी गांजा बाळगल्याचा एकच गुन्हा. आणि ही सूट देशात असताना आहे. बाहेर जाऊन परत येताना दारावर वेगळे नियम लागतात, तिथं दोषसिद्धी नसतानाही अधिकाऱ्यापुढं दिलेली कबुली महागात पडू शकते. फोनमध्ये दुकानाच्या पिशवीचे फोटो घेऊन, 'तिकडं लीगल आहे' म्हणत फिरणाऱ्या पोरांना हे आईबापांनीच सांगायला पाहिजे. त्या दुकानात नोकरीसुद्धा नको.

चौथा प्रकार घरातला. नवरा-बायकोचं भांडण, एक थप्पड, शेजाऱ्यानं ९११ फिरवलं, पोलीस आले आणि नवऱ्याला घेऊन गेले. सकाळी बायको म्हणते, मला तक्रार करायची नाही. आपल्याकडे ठाण्यात बसून वडीलधारी माणसं मिटवतात, तसं तिथं होत नाही. खटला सरकारी वकील चालवतो, तो चालवायचा की नाही हे तोच ठरवतो. घरगुती हिंसाचार, पाठलाग, मुलांवरचा अत्याचार यांतली दोषसिद्धी हे हद्दपारीचं स्वतंत्र कारण आहे, आणि कोर्टानं 'बायकोपासून लांब राहा' असा संरक्षणाचा आदेश दिलेला असताना तो मोडल्याचं कोर्टानं ठरवलं तर तेही. बायकोनं स्वतः फोन करून जेवायला बोलावलं तरी आदेश कोर्टाचा आहे, तिचा नाही. मार खाणाऱ्या बाईला हे संरक्षण मिळायलाच हवं, त्याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. मी सांगते आहे ते एवढ्यासाठी की 'ती केस मागं घेईल, मग झालं' या भरवशावर इथं बसलेले सासू-सासरे सुनेवर दबाव आणतात. त्यानं केस मागं जात नाही, उलट साक्षीदारावर दबाव आणल्याचा नवा गुन्हा मुलाच्या नावावर लागू शकतो.

दारू पिऊन गाडी चालवणं मात्र अमेरिकेत साधं, एकट्यानं, कुणाला इजा न करता झालं असेल तर ग्रीन कार्डवाल्याला सहसा तेवढ्यानं हद्दपार करत नाहीत. २००४ च्या लिओकाल खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हा हिंसेचा गुन्हा नाही असं ठरवलं. कॅनडात उलट. डिसेंबर २०१८ पासून तिथं या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षं झाली, आणि दहा वर्षांची कमाल शिक्षा असलेला गुन्हा म्हणजे इमिग्रेशनच्या भाषेत गंभीर गुन्हेगारी. नुसता दंड झाला असला तरी पीआर, म्हणजे तिथला कायम राहण्याचा परवाना, धोक्यात येऊ शकतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात एका भारतीय ट्रकचालकानं थांबायची खूण ओलांडली आणि खेळाडूंच्या बसला झालेल्या अपघातात १६ जण गेले. तो दारू प्यायलेला नव्हता. त्यानं गुन्हा कबूल केला, आठ वर्षांची शिक्षा झाली, आणि मे २०२४ मध्ये त्याच्या हद्दपारीचा आदेश निघाला. तोही पर्मनंट रेसिडेंटच होता. ब्रिटननं २००७ च्या कायद्यानं एक वर्ष किंवा जास्त कैद झालेल्या परदेशी माणसाला, काही अपवाद सोडून, हद्दपार करणं बंधनकारक केलं. ऑस्ट्रेलियातही बारा महिन्यांची रेघ आहे. देश बदलला की रेघ बदलते, म्हणून न्यू जर्सीतल्या मावसभावाचा अनुभव टोरांटोतल्या पोराला सांगू नये.

दोषसिद्धी म्हणजे काय, हे मला वकील म्हणून फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे १९५८ चा प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स अ‍ॅक्ट आहे. पहिल्यांदा चुकलेल्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडतात, आणि कलम १२ म्हणतं की त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता त्याला लागू नये. अमेरिकेतल्या राज्यांतही अशा योजना आहेत : कबुली दे, क्लास कर, वर्षभर नीट वाग, आम्ही केस काढून टाकतो. राज्याच्या लेखी माणूस स्वच्छ होतो. इमिग्रेशनच्या लेखी, कबुली दिली आणि कोर्टानं कसलंही बंधन घातलं, की झाली दोषसिद्धी. नंतर राज्यानं रेकॉर्ड पुसलं तरी ती सहसा पुसली जात नाही. कबुलीच न देता केस दुसऱ्या वाटेनं मिटली तर गोष्ट वेगळी. म्हणून केस मिटली का, हे विचारून भागत नाही. कबुली दिली होती का, हे विचारायचं.

आणि हे फक्त तिकडच्या केसांना लागू नाही. इथं कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात रोज किती तरी तरुण पोरं किरकोळ खटल्यात 'गुन्हा कबूल करून दंड भरून टाका, कशाला तारखा' या सल्ल्यावर मोकळी होतात. मिरवणुकीतली हाणामारी, कॉलेजातलं भांडण. परदेशी जायचा विचार असलेल्या मुलाच्या बाबतीत हा सल्ला द्यायच्या आधी मी आता दहादा विचार करते. व्हिसाच्या आणि ग्रीन कार्डाच्या फॉर्मवर जगात कुठंही अटक झाली होती का, असा प्रश्न असतो. हाणामारीच्या दंडानं बहुधा काही अडणार नाही, पण 'नाही' असं खोटं उत्तर दिलं तर खुद्द खोटेपणा हे प्रवेश नाकारण्याचं कायमचं कारण होतं, आणि वर्षांनी उघडकीला आलं तर ग्रीन कार्डही जातं. एफआयआरची, निकालाची सही-शिक्क्याची नक्कल वेळेत काढून ठेवावी. वीस वर्षांनी ती मिळवताना जीव जातो.

मग करायचं काय? अमेरिकेत कबुली द्यायच्या आधी, आधीच, इमिग्रेशन जाणणाऱ्या वकिलाला विचारायचं. हा हक्क आहे. होजे पॅडिला नावाचा एक ट्रकचालक, व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या सैन्यात लढलेला, चाळीस वर्षांहून जास्त काळ ग्रीन कार्डावर. गांजाच्या वाहतुकीत पकडला गेला. वकील म्हणाला, इतकी वर्षं इथं आहेस, काळजी करू नको, कबूल कर. वकील चुकला होता. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पॅडिला विरुद्ध केंटकी या निकालात सांगितलं की कबुलीचा इमिग्रेशनवर काय परिणाम होईल हे अशिलाला सांगणं हे फौजदारी वकिलाचं घटनात्मक कर्तव्य आहे. आमच्या या मुलाच्या बाबतीतही वकिलानं चकार शब्द काढला नव्हता. आज त्याची जी काही आशा आहे ती या निकालावर आहे.

जुनी केस असेल तर परदेश प्रवासाआधी, ग्रीन कार्डाच्या दहा वर्षांनी होणाऱ्या नूतनीकरणाआधी आणि नागरिकत्वाचा अर्ज भरण्याआधी विचारायचं, कारण या तिन्ही वेळी बोटांचे ठसे यंत्रावर जातात आणि जुनी फाइल वर येते. विमानतळावर अडवलं तर ग्रीन कार्ड स्वखुशीनं सोडतो अशा कागदावर सही करायची नाही. इमिग्रेशन न्यायाधीशासमोर सुनावणी मागायचा हक्क आहे. काही गुन्ह्यांत जामिनाविना कोठडीत ठेवतात, त्यामुळे वकिलाचा नंबर फोनमध्येच नको, कागदावर खिशात हवा आणि घरी भिंतीवर हवा.

नागरिकत्वाबद्दलही बोलायला हवं. नागरिकाशी लग्न झालेल्याला ग्रीन कार्डानंतर तीन वर्षांत अर्ज करता येतो, म्हणजे या मुलाला २०२२ मध्ये, तो प्रसंग घडायच्या आधीच, करता आला असता. केला नाही. कारण वडिलांनीच अडवलं होतं : भारतीय पासपोर्ट सोडलास तर गावाकडची शेती जाईल. ही भीती मी पंचक्रोशीत सगळीकडे ऐकते. परदेशी नागरिक होऊन ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना भारत सरकार देतं ते) घेतलेल्या मुलाला वारसाहक्कानं आलेली शेती ठेवता येते. नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि वारशाची विकायची तर इथं राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. पण आहे ती शेती जात नाही. हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी झाल्यावर नागरिकत्वाचा दरवाजा कायमचा बंद होतो, हे मला त्यांना त्याच दिवशी सांगावं लागलं.

तिकडच्या नव्या वकिलानं मूळ कोर्टात अर्ज केलाय की वकिलानं सांगितलं नाही म्हणून ती कबुलीच रद्द करावी. इमिग्रेशनच्या कोर्टानं तोवर तारीख पुढं दिली आहे. तिथं सकाळी दहाला पुकारा होतो तेव्हा इथं रात्रीचे साडेसात-साडेआठ वाजलेले असतात, आणि त्या संध्याकाळी हे गृहस्थ जेवत नाहीत.

परवा रंकाळ्यावर सकाळी फिरायला आले होते. मला बघून थांबले. त्यांच्याबरोबर कारखान्यातलेच एक जुने सहकारी होते. त्यांचा पुतण्या टेक्सासमध्ये दुकानातल्या अशाच प्रकारात अडकलाय आणि पुढच्या आठवड्यात कोर्ट आहे. वकील म्हणतो, कबूल कर, एका तासाचं काम आहे.

"मी सांगितलंय त्याला," केमिस्ट म्हणाले, "तोंड उघडू नको म्हणून, आधी विचार म्हणून. तुमचा नंबर देऊ का, मॅडम?"

मी त्यांना तिकडच्या इमिग्रेशन वकिलाचा नंबर दिला. तो त्यांनी खिशातल्या छोट्या डायरीत उतरवून घेतला, आणि एकेक आकडा मला परत वाचून दाखवला.